सुंभ राहतो, पीळ जातो: कोलॅजनच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी चिपळूणहून आत्याचा फोन आला आणि इकडच्या तिकडच्या गप्पांच्या ओघात तिने सांगितले की, रक्त पातळ ठेवण्याच्या तिच्या दोन्ही गोळ्या तिने चार दिवसांपासून बंद केल्या आहेत. सात महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे. कारण विचारले तेव्हा तिने मला एक संदेश पाठवला. तो तिला भजनी मंडळाच्या गटातून आला होता, गटात तो कुणाच्या तरी सुनेने टाकला होता, आणि सुनेला कुठून मिळाला हे शोधत बसण्यात अर्थ नाही. तासाभरात तोच संदेश आमच्या सोसायटीच्या गटावर आला आणि एका माजी विद्यार्थ्याकडूनही आला. विद्यार्थ्याने खाली ‘सर, हे खरे आहे का?’ एवढे तरी विचारले होते. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो. एरवी असे संदेश मी वाचून सोडून देतो, पण या वेळी ते घरापर्यंत आले आहे.

संदेश लांबलचक आहे. त्याचा गाभा असा. पेशींच्या पृष्ठभागावर कोलॅजनचे, म्हणजे कातडी, हाडे आणि कंडरा यांत मुबलक असलेल्या प्रथिनाचे, ‘रिसेप्टर’ (मराठीत ग्राही, म्हणजे त्याला ओळखून धरणारे रेणू) असतात आणि या शोधाला २०२१ चे नोबेल मिळाले. वाढत्या वयात हे रिसेप्टर रिकामे पडतात, म्हणून गुडघे दुखतात आणि त्वचा सैल पडते. कोलॅजनची पावडर रोज १० ग्रॅम पाण्यातून घेतली की तिचे कण रक्तावाटे थेट गुडघ्यापर्यंत जातात आणि कुलपात किल्ली बसावी तसे रिकाम्या रिसेप्टरमध्ये जाऊन बसतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हेच रिसेप्टर अडवून धरतात, म्हणून पहिले तीन महिने त्या बंद ठेवाव्यात. जोडीला कोलॅजनचे क्रीम लावावे. सर्व काही शंभर टक्के शाकाहारी आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी डिंक खावा, कारण त्यात निसर्गतःच कोलॅजन असते. शेवटी क जीवनसत्त्वाबद्दल एक ओळ आणि पावडर मागवण्यासाठी फोन क्रमांक.

ज्यांना फार वाचायला वेळ नाही त्यांनी एवढेच वाचावे: स्टेंट बसवलेल्या माणसाने या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत. गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि तशी गुठळी झाली तर बहुधा हृदयविकाराचा झटकाच येतो. आत्याने मी सांगितल्यावर त्याच संध्याकाळी तिच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता बाकीचे सावकाश पाहू.

नोबेलचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना तापमान व स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहींच्या शोधासाठी मिळाले आणि त्याचा कोलॅजनशी काहीही संबंध नाही. ज्या इंटिग्रिन कुळातील काही ग्राही खरोखरच कोलॅजनला धरतात, त्या कुळाच्या शोधासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहटी आणि टिमथी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला; पण लास्करच्या नावावर पावडर खपत नाही.

आता त्या कुलूप-किल्लीकडे येऊ. संपूर्ण संदेश याच एका चित्रावर उभा आहे, आणि ते चित्र चुकीचे का आहे हे कळण्यासाठी पेशी कोलॅजनला ओळखते म्हणजे नेमके काय ओळखते, हे पाहावे लागेल. कोलॅजनचा रेणू म्हणजे एक तिपेडी वेणी आहे. तीन साखळ्या, प्रत्येकीत हजाराहून थोडी अधिक अमिनो आम्ले, आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसीन. कारण तीन पेड एकमेकांभोवती घट्ट वळले गेले की मधोमध जी चिंचोळी जागा उरते तिच्यात ग्लायसीनएवढे लहान अमिनो आम्लच मावते. उरलेल्या दोन जागांवर पुष्कळदा प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन असतात आणि त्यांच्यामुळे पिळाला ताठरपणा येतो. कातडी, हाडे आणि कंडरा यांत मुबलक असलेल्या पहिल्या प्रकारच्या कोलॅजनची ही वेणी सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असते. तीन पेडांची ही रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात पेडांना एकत्र वळणाऱ्या पिळाची सुधारणा केली. रामचंद्रन यांना नोबेल मिळाले नाही. संदेशकर्त्याला त्यांचे नाव ठाऊक असते तर त्याने तेही देऊन टाकले असते.

एवढ्या लांब दोरावर इंटिग्रिन वाटेल तिथे हात टाकत नाही. माणसाच्या शरीरात २४ प्रकारची इंटिग्रिने आहेत आणि त्यांपैकी कोलॅजनला धरणारी म्हणून ओळखली जाणारी चारच: अल्फा-१, अल्फा-२, अल्फा-१० आणि अल्फा-११, आणि या चौघांचाही जोडीदार बीटा-१. कोलॅजनवरची त्यांची सर्वांत पक्की जागा म्हणजे सहा अमिनो आम्लांचा एक ठरावीक क्रम: ग्लायसीन, फेनिलॲलॅनीन, हायड्रॉक्सिप्रोलीन, ग्लायसीन, ग्लुटामिक आम्ल, आर्जिनीन. ही पकड प्रत्यक्षात कशी दिसते, हे २००० साली ‘सेल’ या नियतकालिकात जोनास एम्सली, रॉबर्ट लिडिंग्टन, रिचर्ड फार्न्डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. अल्फा-२ इंटिग्रिनचा कोलॅजन धरणारा भाग आणि तो क्रम असलेला तिपेडी तुकडा यांचा एकत्र स्फटिक करून त्यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. मी इथे बराचसा भार या एकाच निबंधावर टाकतो आहे, कारण तो तेवढा पेलणारा आहे.

त्यात दिसते ते असे. इंटिग्रिनच्या त्या भागाच्या माथ्यावर तीन वळसे असतात आणि त्यांनी एका धातूच्या आयनाला धरून ठेवलेले असते. शरीरात तो बहुधा मॅग्नेशियमचा असतो. या आयनाभोवती एक जागा मोकळी असते आणि ती जागा कोलॅजनच्या वेणीतील मधल्या पेडावरचे ग्लुटामिक आम्ल येऊन भरते. हे ग्लुटामिक आम्ल काढून त्याच्यापेक्षा एकाच कार्बनने आखूड असलेले ॲस्पार्टिक आम्ल तिथे ठेवले की पकड सुटते. इतका हा हिशेब काटेकोर आहे. शिवाय कोलॅजन येण्यापूर्वी इंटिग्रिनचा माथा त्याला साजेसा नसतोच. कोलॅजन टेकले की धातूच्या भोवतालची मांडणी बदलते, माथ्याचा घाट बदलतो, तेव्हा कुठे वेणी नीट बसेल अशी खाच तयार होते, आणि हा बदल त्या भागाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो. बाहेर काहीतरी हाती लागले आहे ही वर्दी पेशीच्या आत याच मार्गाने जाते. उलट दिशेनेही असेच होते: पेशीने आतून सांगितल्याशिवाय इंटिग्रिन पकडीसाठी तयार स्थितीत येत नाही. किल्ली पाहून आकार बदलणारे आणि आतून कडी काढल्याशिवाय न उघडणारे असे कुलूप कुणी पाहिले असेल तर त्याने कुलूप-किल्लीची उपमा खुशाल वापरावी.

माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा मात्र पुढचाच आहे. तो सहा अमिनो आम्लांचा क्रम एखाद्या सुट्या साखळीत असला तरी या इंटिग्रिनांना तो दिसत नाही. त्यांना वेणी लागते, कारण वेणीतले तीन पेड एकमेकांपेक्षा एकेका अमिनो आम्लाने मागेपुढे असतात, आणि शेजारच्या पेडांवरची अमिनो आम्ले त्या नेमक्या अंतरावर उभी राहिली तरच धातूला आणि त्याच्या आजूबाजूला हात पोहोचतात. फार्न्डेल यांच्या केंब्रिजमधील प्रयोगशाळेने कोलॅजनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांची संपूर्ण लांबी एकमेकांवर चढणाऱ्या पन्नासहून अधिक लहान तुकड्यांमध्ये तयार केली, आणि कोणता ग्राही कुठे बसतो हे त्यावर तपासले. त्यातला प्रत्येक तुकडा मुद्दाम तिपेडी वळलेला होता, कारण सुट्या पेडांवर असले प्रयोग करण्यात काही हशील नव्हते.

आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कोलॅजनचे अगदी उलटे आहे: उष्णता लागली की पीळ आधी जातो आणि सुंभ मागे उरतो. त्या पीळ गेलेल्या सुंभाचेच नाव जिलेटिन. बाजारातली पावडर तर त्याच्याही पुढची पायरी आहे. जनावरांची कातडी, हाडे किंवा माशांची त्वचा व खवले यांच्यापासून जिलेटिन काढायचे आणि मग विकरांनी (एन्झाइमांनी) त्याचे बारीक तुकडे करायचे. मूळ तिपेडी रेणूचे वजन सुमारे ३ लाख डाल्टन. पावडरीतल्या तुकड्यांचे साधारणपणे २ ते ६ हजार. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पावडर पेल्यात टाकून पाहावी. ती चमचाभर पाण्यात सहज विरघळते. अस्सल कोलॅजनचे धागे असे विरघळत असते तर पहिल्याच पावसात आपली कातडी वाहून गेली असती.

म्हणजे डब्यातून निघतानाच किल्लीचा चुरा झालेला असतो, आणि प्रवास तर पुढेच आहे. जठर आणि आतडे त्या तुकड्यांची सुटी अमिनो आम्ले आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे बारके तुकडे करतात आणि मुख्यतः तेच रक्तात जातात. त्यांतून पेशी कोलॅजन बनवते का? बनवते, पण जसे डाळ, दूध आणि अंडी यांतल्या अमिनो आम्लांतून बनवते तसेच. त्यातही एक गंमत आहे: पावडरीतील हायड्रॉक्सिप्रोलीन, जिचा संदेशात ‘दुर्मिळ घटक’ म्हणून जयघोष आहे, ती नव्या साखळीत जशीच्या तशी बसवण्याची सोयच पेशीकडे नाही, कारण तिच्यासाठी जनुकीय संकेत नाही. पेशी आधी साधे प्रोलीन बसवते आणि साखळी तयार झाल्यावर जागेवर त्याचे हायड्रॉक्सिप्रोलीन करते. पीळ न मोडलेले, दुसऱ्या प्रकारचे कोलॅजनही गोळ्यांच्या रूपाने विकले जाते हे मला ठाऊक आहे; पण त्याचे विक्रेतेसुद्धा दाखला देतात तो आतड्यातील रोगप्रतिकार यंत्रणेचा, गुडघ्यातील पेशींनी ते झेलल्याचा नव्हे.

तरीही वादासाठी संदेशाचे सगळे खरे धरू. समजा, आत्याने घेतलेले १० ग्रॅम कोलॅजन पीळ न मोडता रक्तात उतरले आणि ग्राही शोधत निघाले. गुडघा फार लांब राहिला. रक्तातच त्याला पहिल्यांदा कोण भेटेल? प्लेटलेट. त्यांच्या पृष्ठभागावर अल्फा-२ बीटा-१ इंटिग्रिन तर असतेच, पण त्याखेरीज ग्लायकोप्रोटीन-सहा नावाचा आणखी एक ग्राही असतो, जो ग्लायसीन, प्रोलीन, हायड्रॉक्सिप्रोलीन या त्रिकुटाच्या सलग आवृत्त्या ओळखतो, आणि तोही त्या तिपेडी पिळात आणि अनेक वेण्या एकत्र बांधलेल्या असतील तेव्हा. एरवी कोलॅजन रक्तवाहिनीच्या अस्तराखाली दडलेले असते. सुरी लागली, अस्तर फाटले, की ते उघडे पडते आणि प्लेटलेट त्याला धरून एकमेकींना चिकटू लागतात. रक्त थांबते ते असे. थोडक्यात, रक्ताला कोलॅजन दिसणे याचा शरीराच्या भाषेत एकच अर्थ आहे: वाहिनी फुटली आहे, बूच लावा.

प्लेटलेट नीट काम करतात का हे तपासताना प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यात कोलॅजनच घालतात, आणि एका मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात. आता आत्याचे गणित करून पाहावे. शरीरात सुमारे ५ लिटर रक्त. त्यात १० ग्रॅम कोलॅजन म्हणजे मिलिलिटरमागे २,००० मायक्रोग्रॅम. चाचणीत लागते त्याच्या शेकडो पट. संदेशातला दावा खरा असता तर पहिल्याच पेल्याने अंगभर गुठळ्या झाल्या असत्या आणि गुडघ्याची चिंता करायला कुणी उरले नसते. पावडर घेऊनही माणसे ठणठणीत हिंडतात, याचे कारण ती ग्राहींपर्यंत पोहोचत नाही हेच आहे. विक्रेत्याने आपल्या मालाच्या निरुपद्रवीपणाबद्दल जठराचे आभार मानायला हवेत.

हे ग्राही नसले तर काय होते, याचीही नोंद आहे. १९८५ साली ‘नेचर’मध्ये अशा एका स्त्रीचे वर्णन आले होते, जिला जखमेतून रक्त वाहण्याचा त्रास होता आणि जिचे प्लेटलेट कोलॅजनला दादच देत नव्हते, तिच्या प्लेटलेटवर आज आपण अल्फा-२ म्हणतो तेच प्रथिन जवळजवळ नव्हते. बाहेरून येऊन हे ग्राही खरोखर अडवणारे पदार्थही निसर्गात आहेत. मलायी घोणसवर्गीय सापाच्या विषातील ऱ्होडोसेटिन हे प्रथिन अल्फा-२ बीटा-१ ला जाऊन चिकटते आणि कोलॅजनची वाट बंद करते. त्याने कुणाचे गुडघे सुधारल्याचे ऐकिवात नाही.

मग गोळ्यांचे काय? आत्याच्या दोन्ही गोळ्या कोलॅजनच्या एकाही ग्राहीला हात लावत नाहीत. ॲस्पिरिन प्लेटलेटच्या आतल्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराला कायमचे निकामी करते, त्यामुळे इतर प्लेटलेटना हाक देणारे थ्रॉम्बोक्सेन तयार होत नाही. क्लोपिडोग्रेल अशीच हाक देणाऱ्या एडीपी या रेणूचा ग्राही बंद करते. दोन्ही ठिकाणी प्लेटलेटने कोलॅजन धरल्यानंतरची हाकाटी थांबवली जाते, म्हणजे एकीने आरडाओरडा करून आजूबाजूच्या शंभर जणींना गोळा करणे थांबते. ‘गोळ्या रिसेप्टर अडवतात’ हे वाक्य लिहिणाऱ्याने ‘ग्राही’ हा एकच शब्द कुठेतरी वाचला आणि उरलेले स्वतः रचले. या दोन्ही औषधांचा परिणाम प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, रेंगाळतो आणि दररोज नव्या प्लेटलेट येत जातात तसा ओसरतो. ‘चार दिवस बंद केल्या, मला काहीच झाले नाही,’ असे आत्या म्हणाली, त्याचे निम्मे कारण हे आहे आणि निम्मे नशीब. ते श्रेय पावडरीच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून मुद्दाम लिहितो.

‘रिकाम्या रिसेप्टर’ची कल्पनाही तपासण्यासारखी आहे, कारण ती ऐकायला गोड आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते एक तृतीयांश कोलॅजन असते. त्याच्या जंगलात बसलेल्या पेशीच्या ग्राहींना कोलॅजनचा दुष्काळ पडतो, हे म्हणणे कोकणातल्या माणसाला पावसाळ्यात पाणी मिळत नाही असे म्हणण्यासारखे आहे. उलट गुडघ्यात पंचाईत होते ती नको तिथे पकड बसल्यामुळे. डिस्कॉइडिन डोमेन ग्राही, एक आणि दोन, असे आणखी दोन ग्राही आहेत. ते कशाला बांधले जातात हे आधी कुणालाच माहीत नव्हते आणि १९९७ साली दोन गटांनी ते कोलॅजन असल्याचे दाखवले. यांनाही पीळ शाबूत असलेलेच कोलॅजन लागते, जिलेटिन चालत नाही, आणि यांची जागाही निराळी आहे: ग्लायसीन, व्हॅलीन, मेथिओनीन, ग्लायसीन, फेनिलॲलॅनीन, हायड्रॉक्सिप्रोलीन. इन्शुलिनचा ग्राही मिनिटभरात जागा होतो. हे मात्र कोलॅजन मिळाल्यावर हळूहळू चेततात आणि तासन् तास चेतलेले राहतात.

यांतला दुसरा ग्राही गुडघ्याच्या कूर्चेतील (कार्टिलेजमधील) पेशींवर असतो. निरोगी कूर्चेत प्रत्येक पेशीभोवती एक वेगळे कवच असते, जे तिला बाहेरच्या दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनपासून अंतरावर ठेवते. झीज होऊन हे कवच फाटले की पेशीचा तो ग्राही बाहेरच्या कोलॅजनला भिडतो, आणि प्रत्युत्तर म्हणून पेशी एमएमपी-१३ हे कोलॅजन तोडणारे विकर बनवू लागते. मग कूर्चा आणखी झिजते. ज्या उंदरांमध्ये या ग्राहीचे प्रमाण कमी केले, त्यांच्यात सांध्याची झीज मंदावलेली आढळली. तेव्हा पावडर खरोखर गुडघ्यात जाऊन या ग्राहीला बिलगली असती, तर आत्याला मी ती अजिबात घेऊ दिली नसती.

आता मनाविरुद्ध काही गोष्टी मान्य कराव्या लागतात. वार्धक्यात त्वचेतील पेशींची कोलॅजनवरची पकड ढिली होते, हे खरे आहे. पण कोलॅजनचे धागे तुटल्यामुळे धरायला ताणलेला दोर राहत नाही, ग्राही उपाशी असतात म्हणून नव्हे. जिलेटिनला पेशी चिकटतात हेही खरे आहे, आणि आम्ही प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या बशांना जिलेटिनचा लेप देतो तो त्याचसाठी. मात्र तिथे धरणारे हात वेगळे असतात: पीळ सुटल्यावर आर्जिनीन, ग्लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल असा एक लपलेला क्रम उघडा पडतो आणि निराळ्याच कुळातली इंटिग्रिने तो पकडतात. कोलॅजनचे तुकडे धरणारा एन्डो-१८० नावाचा ग्राहीही आहे, पण तो त्यांना पेशीत ओढून मोडीत काढतो. त्याहून थोडी अडचणीची कबुली म्हणजे प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन यांची जोडी पचनातून तगून रक्तात पोहोचते, असे जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवले आहे, आणि बशीतल्या उंदराच्या त्वचापेशींवर तिचा काही परिणामही दिसला आहे. म्हणून ‘पावडर म्हणजे शुद्ध थाप’ असे मी म्हणणार नाही. परंतु दोन अमिनो आम्लांची ती जोडी म्हणजे कोलॅजन नव्हे, जसा एक ‘क’ आणि एक ‘ळ’ म्हणजे कमळ नव्हे. त्वचेवरच्या २३ चाचण्यांचा एक एकत्रित आढावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या चाचण्या मिळून थोडा फायदा दिसला, पण औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या तेव्हा तो फायदा उरला नाही. ज्यांना महिन्याकाठी तेवढे पैसे घालवायचे आहेत त्यांनी घालवावेत. गोळ्या मात्र सुरू ठेवाव्यात.

क जीवनसत्त्वाची ओळ बरोबर आहे, आणि संपूर्ण संदेशात बरोबर असलेली ती बहुधा एकमेव ओळ असावी. प्रोलीनचे हायड्रॉक्सिप्रोलीन करणाऱ्या विकराला ते लागते. ते नसेल तर पीळ सैल राहतो, आणि जुन्या काळी महिनोन् महिने समुद्रावर असलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई ते त्यामुळेच. आवळा, पेरू, लिंबू यांतून ते पुरेसे मिळते, आणि पुरेसे मिळाल्यावर जास्त घेतल्याने पीळ जास्त घट्ट होत नाही.

क्रीमबद्दल एवढेच की, त्वचेच्या बाहेरच्या थरातून साधारणपणे ५०० डाल्टनपर्यंतचेच रेणू आत झिरपतात, आणि कोलॅजन ३ लाखांचे आहे. ते वर बसून ओलावा धरून ठेवते, जे काम पाच पट स्वस्त क्रीमही करते. डिंकाबद्दल तर बोलायलाच नको. डिंक ही झाडाची शर्करासाखळी आहे. कोलॅजन हे प्राण्यांचे प्रथिन आहे, ते कोणत्याही झाडात नसते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यायला माझी काहीच हरकत नाही. लाडू चांगलेच लागतात.

उरला शाकाहाराचा दावा. परवा मी चिपळूणला गेलो होतो तेव्हा आत्याने तो डबा माझ्यापुढे ठेवला. तिचा चातुर्मास चालू आहे. कांदा-लसूणही घरात नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला हिरवी पाने छापलेली होती आणि मागे, तळाशी, मुगाच्या डाळीएवढा एक तपकिरी त्रिकोण होता, चौकटीत बसवलेला. त्याच्या वरच्या ओळीत ‘मरीन कोलॅजन’ असे लिहिले होते. मी भिंग तिच्या हातात दिले.

‘मरीन वाचलं होतं मी,’ आत्या म्हणाली. ‘मला वाटलं, समुद्राच्या मिठासारखं काहीतरी असेल.’

मी तिला सांगितले की, मरीन म्हणजे माशांची कातडी आणि खवले. तिने भिंग खाली ठेवले, डब्याचे झाकण घट्ट लावले आणि तो माझ्या पिशवीत टाकला. मग म्हणाली, ‘आणि हे एकादशीच्या दिवशीसुद्धा घेतलं रे मी!’